सायकलची चेन करकरतेय? घरच्या घरी अशी करा साफ. खोबरेल, गोडेतेल मात्र टाकू नका!

नांदेड/लातूर : पावसाळा सरतो, सोयाबीनच्या राशी होतात आणि गावाकडच्या रस्त्यावर चिखलाच्या जागी फुफाटा उडायला लागतो. याच दिवसांत सायकलींची करकर सुरू होते. पायडल जड लागतं, चढाला चेन उतरते आणि शाळकरी पोरं-पोरी काळ्या हातांनी रस्त्याच्या कडेला बसलेली दिसतात.

मराठवाड्यात सायकल ही अजूनही मुख्यतः शाळेची गाडी आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात २३ जिल्ह्यांतले १२५ तालुके येतात. त्यात शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. पण सायकल घेतल्यावर तिची निगा कशी ठेवायची, हे कुणी सांगत नाही. दोन पावसाळ्यांत चेन गंजते, मग सायकल गोठ्यात उभी राहते आणि मुलगी पुन्हा पायी किंवा एसटीच्या भरवशावर. सायकलचं दुकान तालुक्याच्या गावी, बापाला कामातून सवड नाही. म्हणून हे काम घरी आलं पाहिजे. ते अवघड नाही, आठवी-नववीतली मुलं आरामात करू शकतात.

चेन झिजते कुठे?

चेन वरून साधी दिसते, पण तिच्यात शंभराच्या आसपास जोड असतात. प्रत्येक जोडात एक पिन आणि तिच्याभोवती फिरणारा छोटा रोलर. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये काढलेली ही रचना आजही जवळपास तशीच आहे. तेलाची गरज असते ती या पिनेला, म्हणजे आत. बाहेरच्या पट्ट्यांना तेलाचा उपयोग फक्त गंज लागू नये एवढाच. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बाहेरून भरपूर तेल ओततात, आत काहीच जात नाही. वरच्या तेलाला फुफाटा चिकटतो आणि तेल-मातीचा काळा लगदा तयार होतो. हा लगदा जोडात शिरला की कानशीसारखा पिन घासतो.

'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणलं जात नाही. पिना आतून झिजतात, प्रत्येक जोड केसभर ढिला होतो आणि सगळी चेन लांबते.

आधी साफसफाई

जुनं सुती कापड, जुना टूथब्रश, वाटीभर डिझेल आणि थोडं तेल एवढं पुरतं. रॉकेल असेल तर तेही चालतं. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ लगेच पेट घेते आणि चूल जवळ असेल तर अनर्थ होतो. डिझेललाही विडी-काडी लांबच बरी.

सायकल मागच्या स्टँडवर उभी करा, म्हणजे चाक मोकळं फिरेल. स्टँड एका बाजूचा असेल तर पोतं अंथरून सायकल सीट आणि हँडलवर उलटी ठेवा. आधी चेन कोरड्या कापडानं पुसा. मग ब्रश डिझेलमध्ये बुडवून एकेक वीत चेन घासा, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी. एक भाग झाला की पायडल हातानं उलटं फिरवून पुढचा भाग समोर घ्या. पुढच्या चेनव्हीलच्या आणि मागच्या फ्रीव्हीलच्या दातांमधला काळा गाळ काडीनं काढा. फ्रीव्हीलवर डिझेल ओतू नका, आतलं तेल धुऊन जातं.

इथे एक गोष्ट लहान मुलांना नीट समजावून सांगा. चाक फिरत असताना चेनजवळ बोट किंवा कापड धरायचं नाही. कापड दातात अडकलं की बोटही ओढलं जातं, आणि चेन-दातात सापडलेलं बोट चेंगरतं, कधी तुटतंही. आधी चेन थांबवा, मग पुसा. पुसायचंच असेल तर खालच्या बाजूच्या चेनला, दातांपासून लांब हात ठेवा. ओढणी, मोकळे केस बांधून घ्या.

घासून झालं की कोरड्या कापडानं पुसा आणि अर्धा-एक तास उन्हात राहू द्या. चेन ओली असताना तेल टाकलं तर ते आत जात नाही. उरलेलं काळं डिझेल विहिरीजवळ, नाल्यात किंवा जनावरांच्या हौदाशेजारी सांडू नका. बाटलीत भरून ठेवा, गाळ खाली बसला की वरचं पुन्हा वापरता येतं.

गाडी धुण्याच्या सेंटरवर सायकल नेऊन जोराच्या फवाऱ्यानं धुणं मात्र टाळाच. पाणी बेअरिंगमध्ये घुसतं आणि ग्रीस बाहेर येतं.

तेल कोणतं?

बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. हाताशी असतं म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल टाकलं जातं. दोन दिवस चेन गप्प राहते. पण खोबरेल थंडीत गोठतं. सोयाबीन, करडई, जवस ही तेलं हवेनं हळूहळू घट्ट आणि चिकट होतात. जवसाचं तेल रंगात वापरतात ते याच गुणामुळे. म्हणजे चेनवर आपण डिंकच लावतो, आणि त्यावर माती बसते.

ट्रॅक्टरचं किंवा मोटारसायकलचं काढलेलं काळं ऑइलही नको. त्यात आधीच इंजिनातला धातूचा भुगा आणि काजळी असते. ग्रीस घट्ट असतं, ते बाहेरच थापलं जातं.

दुकानात चेनसाठी वेगळं तेल मिळतं, ते उत्तम. नाही मिळालं तर शिलाई मशीनचं तेल चालतं. ते पातळ असल्यानं आत चटकन शिरतं, पण टिकत कमी, म्हणून पंधरवड्यानं पुन्हा टाकावं लागतं. पावसाळ्यात मोटारसायकलचं कोरं इंजिन ऑइल थोडं बरं, कारण ते पाण्यानं लगेच धुऊन जात नाही. उन्हाळ्यात मात्र तेच फुफाटा ओढून घेतं. डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे गंज सोडवायला चांगला, पण रोजच्या वापराचं तेल म्हणून त्यावर विसंबू नये.

तेल ओतायचं नाही, थेंब टाकायचा. चेनच्या खालच्या भागाच्या आतल्या बाजूला, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब. ड्रॉपर नसेल तर रिकामी, सुई काढलेली सिरिंज वापरा. फ्रीव्हीलच्या फटीत दोन थेंब पुरे. मग पायडल पंचवीस-तीस वेळा उलटं फिरवा आणि सायकल रात्रभर तशीच ठेवा. सकाळी कोरड्या कापडानं चेन बाहेरून पुसून काढा. ही पुसणी बरेच जण सोडतात, आणि तेल टाकूनही आठ दिवसांत चेन पुन्हा काळी होते ती यामुळेच. बोट लावलं तर जेमतेम ओशट लागावी, एवढीच ओल बाहेर हवी.

तेल रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर उडालं असेल तर साबणाच्या पाण्यानं धुवा. तेलकट रिमवर ब्रेक लागत नाही.

चेनला पूर्ण कव्हर असेल तर मागचा छोटा तुकडा स्क्रू काढून सुटतो, तिथून एकेक जोड समोर आणत तेल टाकता येतं.

चेन बदलायची वेळ झाली का?

गवंड्याचा किंवा शिंप्याचा इंचाचा टेप घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि ती पिन सोडून पुढची २४वी पिन कुठे येते ते बघा. चेन नवी असेल तर बरोबर १२ इंचावर येते. अर्धा सूत पुढे गेली असेल तर लक्ष ठेवा. पूर्ण एक सूत पुढे असेल तर चेन बदला. लांबलेली चेन तशीच चालवली की ती दात खाते, दात विळ्यासारखे वाकडे होतात, आणि मग चेनबरोबर फ्रीव्हील आणि चेनव्हीलही घ्यावं लागतं.

नुसती ढिली असेल तर बदलायची गरज नाही. खालची चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघा, अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त हलत असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट पान्यानं सैल करून चाक मागं ओढा, चाक मधोमध आहे ना ते बघा आणि नट घट्ट आवळा. चेन लॉकची पत्तीही तपासा. तिची बंद बाजू चेन पुढे ज्या दिशेनं पळते त्या दिशेला हवी, फटीची बाजू मागे. उलटी बसवली तर ती निसटते आणि चालत्या सायकलची चेन सुटते.