फोटोंची आवरासावर आणि ब्राउझरची निवड



मी राहतो पेणला आणि नोकरीसाठी जातो रोह्याला. ह्या जाण्यायेण्यात एक दृश्य हटकून दिसते. कुणीतरी फोनावर बोट सरकवीत बसलेला असतो आणि शेजाऱ्याला सांगत असतो, "अहो, होता हो इथंच! परवाच तर पाहिला." होता म्हणजे काय, तर एक फोटो. नागोठणे येते, मागे पडते, रोहे येते, तरी तो फोटो काही सापडत नाही. मग "जाऊ द्या, संध्याकाळी पाठवतो" म्हणून मंडळी उतरतात.

गप्पांपुरते हे ठीक आहे. पण गेल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या दिवसांत आमची एक विद्यार्थिनी रडकुंडीला येऊन माझ्यापुढे उभी राहिली. वडिलांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो तिने काढून ठेवला होता, पण फोनात फोटो होते साडेनऊ हजार! त्यांत सुप्रभातीचे गुलाब होते, लग्नाच्या पत्रिका होत्या, एकाच फणसाचे अकरा फोटो होते. दीड तासाने दाखला सापडला. मग अर्जाचे पान उघडावयास गेलो, तर जवळच्या जुन्या संगणकावरच्या ब्राउझरात ते पान धड उघडेना. शेवटी दुसऱ्या संगणकावर काम झाले, तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

त्या दिवशी मला वाटले, ह्या दोन गोष्टींविषयी कुणीतरी साध्या भाषेत बोलावयास हवे. मी काही संगणकशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. मी शिकवितो मराठी. रोज वापरता वापरता आणि थोडेफार गमावून जे शिकलो, तेवढेच सांगतो.

आधी फोटो. आमच्या लहानपणी छत्तीस फोटोंचा एक रोळ वर्षभर पुरवावा लागे. घरात एकच अल्बम असे आणि तो ट्रंकेत असे. त्या अल्बमाला भीती होती ती वाळवीची आणि पाण्याची. १९८९ च्या जुलैत अंबा नदीच्या पुराने जांभूळपाड्यावर जो प्रसंग आणला तो आपल्याकडे अजून कुणी विसरलेले नाही. पुढे २६ जुलै २००५ च्या महापुराने जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पाणी शिरले. माणसे वाचली त्या घरांतही भिंतीवरच्या तसबिरी आणि ट्रंकेतले अल्बम गेले. आजोबा कसे दिसत होते हे नातवंडांना दाखवावयास काही उरले नाही, अशी घरे मी पाहिली आहेत.

मग आला फिल्मशिवायचा कॅमेरा. कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने १९७५ साली असा पहिला कॅमेरा जुळविला. एक चित्र टिपून साध्या कॅसेटवर उतरवावयास त्याला २३ सेकंद लागत. आज तेच काम खिशातला फोन डोळ्याची पापणी लवण्याच्या आत करतो. फोटो काढणे फुकट झाले, म्हणून आपण काढीत सुटलो. पण ठेवणे मात्र फुकट झालेले नाही, आणि तिथेच आपली फसगत होते.

माझी स्वतःची झाली. काही वर्षांपूर्वी गौरीगणपतींच्या विसर्जनाला भोगावतीच्या काठी गेलो होतो. पाय घसरला आणि शर्टाच्या वरच्या खिशातला फोन पाण्यात पडला. फोन नवा घेता येतो. पण माझ्या वडिलांच्या शेवटच्या चार वर्षांचे सगळे फोटो त्या एका फोनातच होते. दुसरी प्रत नव्हती. बहिणीला अधूनमधून व्हॉट्सअॅपवर पाठविलेले वीसबावीस तेवढे परत मिळाले, तेही बारीक होऊन. चूक सर्वस्वी माझी होती. भातशेती करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे सुचू नये ह्याची मला लाज वाटते. आमचे आजोबा बियाण्याचे भात कधी खाण्याच्या भातात मिसळीत नसत. ते वेगळे राखून ठेवीत.

फोटोंचेही तसेच करावे. खाण्याचे भात वेगळे, बियाणे वेगळे. त्यासाठी चार गोष्टी पुरतात.

पहिली गोष्ट, फोटो नेमके कुठे आहेत ते ओळखणे. फोनाच्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो बहुधा 'डीसीआयएम' नावाच्या कप्प्यात असतात. व्हॉट्सअॅपवरून आलेल्यांचा कप्पा वेगळा असतो आणि ब्राउझरातून उतरवून घेतलेले 'डाउनलोड' कप्प्यात जातात. गॅलरीत हे सगळे एका रांगेत दिसतात, म्हणून एकाच जागी आहेत असे वाटते. तसे नसते. फाइल्सच्या अॅपमध्ये जाऊन हे तीन कप्पे एकदा डोळ्यांखालून घाला, म्हणजे निम्मा घोळ मिटतो.

दुसरी, निवडणे. साडेनऊ हजार फोटो एका दिवसात निवडून होत नाहीत. त्या वाटेला जाऊच नका. दर रविवारी दहा मिनिटे, एवढाच नेम धरावा आणि त्या आठवड्याचे तेवढे पाहावे. अकरा फणसांतला एक ठेवावा, दहा काढून टाकावेत. व्हॉट्सअॅपचे गुलाब पाहून झाले की निरोप द्यावा.

तिसरी, नाव देणे. कप्प्याला नाव देताना वर्ष आधी, मग महिना, मग प्रसंग लिहावा. उदाहरणार्थ, '२०२४-०९ गणपती', '२०२५-०५ ताईचे लग्न'. दिवस आधी का नको? कारण यंत्र नावे डावीकडून वाचून रांग लावते. दिवस आधी लिहिलात, तर सगळ्या वर्षांच्या सगळ्या महिन्यांची पहिली तारीख एका ठिकाणी गोळा होते. वर्ष आधी लिहिले की काळाचा क्रम आपोआप लागतो. एक पथ्य मात्र पाळावे, आकडे मराठी वापरा वा इंग्रजी, पण सर्वत्र एकाच जातीचे वापरा. कागदपत्रांच्या फोटोंसाठी कप्पा निराळा ठेवा आणि प्रत्येकाला 'उत्पन्नाचा दाखला २०२५' असे सरळ नाव द्या. आमच्या विद्यार्थिनीचा दीड तास तेवढ्याने वाचला असता.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, दोन जागी ठेवणे. एक प्रत फोनात, दुसरी फोनाबाहेर. बाहेर म्हणजे पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क किंवा इंटरनेटवरची साठवण. गूगल फोटोजवर २०२१ च्या जूनपूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत गेली आणि जीमेल, ड्राइव्ह व फोटो मिळून १५ जीबी फुकट जागा उरली. एक फोटो सुमारे चार एमबीचा धरला, तर ती सारी जागा फोटोंनाच दिली तरी पावणेचार हजारांत भरते. शिवाय दुसऱ्याच्या कोठारातला माल कोठार चालू आहे तोवरच. फोटो लावून ठेवण्याचे पिकासा नावाचे चांगले साधन होते. गूगलने ते २०१६ साली बंद केले. तेव्हा इंटरनेटवर अवश्य ठेवा, पण वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुटीत म्हणा, निवडक फोटो डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी, बहिणीकडे, भावाकडे ठेवा. पूर आला तर दोन्ही घरांत एकाच वेळी येईलच असे नाही.

इथे एक बारकी पण कामाची गोष्ट सांगतो. फोन फोटो काढतो, तेव्हा त्या फाइलीच्या पोटात एक टिपण लिहून ठेवतो. किती तारीख, किती वाजता, आणि आपण परवानगी दिलेली असेल तर कोणत्या जागी. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने फोटो पाठविला की तो लहान होतो आणि हे टिपणही गळून पडते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविला तर जसाच्या तसा जातो. ह्याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. आपल्या खारेपाटात उधाणाच्या भरतीला बांध फुटतो, खांड जाते आणि खारे पाणी शेतात शिरते. कोणत्या दिवशी, कुठे, केवढी खांड गेली हे पुढे सांगताना तोंडच्या शब्दापेक्षा तारीख-जागेसह मूळ फोटो अधिक बोलतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, तिच्यातही शेतकरी आपल्या शेतात उभा राहून पिकाचा फोटो घेतो. फोटो ही आता नुसती हौस राहिलेली नाही. तो कागदपत्रांच्या पंक्तीला बसला आहे. म्हणून असा फोटो मूळ स्वरूपात जपावा.

आता ब्राउझरकडे वळू. ब्राउझर म्हणजे काय? तुमच्या घरचा रेडिओ कोणत्या कंपनीचा आहे ह्यावर आकाशवाणीचा कार्यक्रम अवलंबून नसतो. कार्यक्रम केंद्रावरून निघतो, रेडिओ तो पकडून ऐकवितो. तसेच इंटरनेटवरची पाने दूरच्या संगणकांवर असतात आणि ब्राउझर ती आणून दाखवितो. पुष्कळांना वाटते की गूगल म्हणजेच इंटरनेट. तसे नव्हे. गूगल ही शोधून देणारी सेवा, क्रोम हा तिच्या कंपनीचा ब्राउझर, आणि इंटरनेट ह्या दोहोंपेक्षा मोठे.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९९० साली लिहिला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच महिन्यात निघालेला इंटरनेट एक्सप्लोरर, तो निळ्या 'ई' चा, आपल्या कचेऱ्यांतून वर्षानुवर्षे नांदला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याचा आधार काढून घेतला. जुन्या संगणकावर तो अजून दिसेल, पण त्यावर विसंबू नये.

आज क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, फायरफॉक्स, सफारी अशी बरीच नावे आहेत. आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात आणि रंगकामाने निराळ्या दिसतात. तसे क्रोम, एज, ऑपेरा आणि ब्रेव्ह हे चौघे क्रोमियम नावाच्या एकाच साच्यातले. फायरफॉक्सचा साचा वेगळा, अॅपलच्या सफारीचा वेगळा. म्हणून एखादे पान क्रोमात अडले तर एजात जाऊन फारसा फरक पडेलच असे नाही. फायरफॉक्सात उघडून पाहावे.

निवड करताना मी तीन गोष्टी पाहतो. तो वेळच्या वेळी अद्ययावत होतो का, ही पहिली. चोरांना नव्या वाटा सापडत असतात आणि अद्ययावत करणे म्हणजे त्या वाटा बुजविणे. जुन्या, हळू चालणाऱ्या फोनावर तो हलका चालतो का, ही दुसरी. तिसरी, तो माझ्याविषयी इतरांना किती सांगू देतो. रेडिओत आणि ब्राउझरात मोठा फरक इथे आहे. तुम्ही काय ऐकता ते रेडिओ कुणाला कळवीत नाही. ब्राउझरातून मात्र तुम्ही काय पाहिले ह्याची नोंद पलीकडे जाऊ शकते. आज चपला पाहिल्या की उद्या जिकडे तिकडे चपलांच्याच जाहिराती दिसतात, त्या ह्यामुळेच. फायरफॉक्स आणि ब्रेव्ह अशा माग काढणाऱ्यांना मुळातच बराच अटकाव करतात. 'इन्कॉग्निटो' ह्या खिडकीने मात्र भुलू नका. तिने तुमच्या फोनातला इतिहास राहात नाही, एवढेच. इंटरनेट पुरविणाऱ्याला ती आंधळे करीत नाही.

मी स्वतः दोन ब्राउझर ठेवतो. एकात बँक आणि सरकारी कामे, दुसऱ्यात बाकीची भटकंती. घरातला धुण्याचा हंडा आणि पिण्याचा हंडा आपण वेगळा ठेवतोच ना!

ब्राउझर कोणताही घ्या, पत्ता वाचावयास मात्र शिकाच. सातबारा काढावयाचा असेल तेव्हा शोधात वर आलेल्या पहिल्या नावावर बोट ठेवू नये, ती कित्येकदा जाहिरात असते. वरच्या पट्टीत पत्ता पाहावा. पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी जे नाव संपते, त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असेल तर ते सरकारी पान. तीच अक्षरे नावाच्या मध्ये कुठेतरी खुपसलेली असतील तर सावध व्हावे. पूर्वी पट्टीत कुलपाचे चित्र दिसे आणि लोक ते पाहून निश्चिंत होत. कुलूप एवढेच सांगे की वाटेत कुणी ऐकत नाही. पलीकडचा माणूस सज्जन आहे असे ते सांगत नसे. ह्या गैरसमजामुळेच क्रोमने ते चित्र २०२३ साली बदलले. आणि सेवा केंद्रातल्या संगणकावर 'पासवर्ड जपून ठेवू का?' असे ब्राउझरने विचारले, तर सरळ 'नको' म्हणावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या स्नेहसंमेलनांचे, सहलींचे, जुन्या हेडमास्तरांचे फोटो आज कुणा एका शिक्षकाच्या फोनात असतात आणि त्यांची बदली झाली की फोटोही बदलून जातात. सातवी-आठवीच्या चार मुलांना बरोबर घ्या आणि वर्षवार कप्पे करून शाळेच्या संगणकावर ठेवा. मुले हे काम आनंदाने करतात, आणि करता करता पत्ता वाचणे, नाव देणे, प्रत ठेवणे सारे शिकतात.

माझ्या वडिलांचे ते वीसबावीस फोटो आता तीन जागी आहेत. एक माझ्याकडे, एक इंटरनेटवर आणि एक रोह्याला बहिणीच्या कपाटात. त्यांत एक फोटो आहे. ओटीवर बसून ते वाल सोलीत आहेत आणि कॅमेऱ्याकडे त्यांचे लक्षही नाही. तुमच्याही फोनात असा एखादा फोटो असेलच. येत्या रविवारची वाट पाहू नका. आज रात्री जेवणे झाली की तेवढा एक शोधा, त्याला नाव द्या आणि त्याची दुसरी प्रत करून ठेवा.