कामगारांचा प्राध्यापक

नोव्हेंबर 1812 मध्ये नेपोलियनचे सैन्य रशियातून माघार घेत असता, क्रास्नॉयच्या लढाईत एक चोवीस वर्षांचा फ्रेंच इंजिनिअर-अधिकारी मृत समजून रणांगणावरच टाकला गेला. रशियनांनी त्याला कैद करून ऐन हिवाळ्यात व्होल्गाकाठच्या साराटोव्हपर्यंत चालवीत नेले. तेथे जवळ एकही पुस्तक नव्हते. एकोल पॉलितेक्निकमध्ये शिकलेले गणित त्याने आठवून पुन्हा मांडले, आणि त्यातून प्रक्षेपीय भूमितीचा पाया घातला गेला. झाँ-व्हिक्तोर पाँसले यांचे नाव गणितज्ञ आदराने घेतात ते या भूमितीसाठी.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाला मात्र त्यांच्या आयुष्याचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. 1814 मध्ये सुटून ते मेत्झ या जन्मगावी परतले आणि लष्करी कामे सांभाळून पाणचक्कीच्या अभ्यासाला लागले. जुन्या चक्कीची पाती सपाट असत. पाणी त्यांवर आदळे व निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाई. पाँसले यांनी पाती वक्र केली. पाणी आता पात्यावर अलगद चढे आणि वेग गमावून खाली उतरे. त्याच प्रवाहातून सुमारे दुप्पट काम मिळू लागले. ओढा तोच, पाणी तेवढेच; बदलला तो पात्याचा आकार. उत्पादकतेचा याहून चांगला दाखला मला वर्गात देता आलेला नाही.

1825 पासून ते मेत्झच्या लष्करी विद्यालयात यंत्रशास्त्र शिकवू लागले. परंतु 1827 ते 1830 या काळात त्यांनी शहरातील कारागिरांसाठी व कामगारांसाठीही सायंकाळी विनामूल्य व्याख्याने दिली. एक किलोग्रॅम वजन एक मीटर उचलणे हे 'कार्या'चे माप. ही संज्ञा कोरिऑलिस आणि पाँसले यांनी रूढ केली. त्यामुळे माणूस, घोडा, ओढा आणि वाफेचे यंत्र यांची तुलना एकाच मापाने होऊ लागली. माणसाला घोड्याशेजारी मांडण्याची सोय झाली, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण पाँसले यांनी ते माप कारखानदारापुरते ठेवले नाही. ज्याचे श्रम मोजले जाणार त्याच्याही हाती दिले.

आपल्याकडे प्राध्यापकाच्या बढतीत शोधनिबंधाला जे वजन आहे, ते लेथवर काम करणाऱ्यांसाठी घेतलेल्या रात्रीच्या वर्गाला आहे काय?

पाँसले पुढे जनरल झाले. 1848 ते 1850 एकोल पॉलितेक्निकचे प्रमुखही होते. साराटोव्हच्या वह्या त्यांनी छापल्या त्या 1862 मध्ये, मृत्यूपूर्वी अवघी काही वर्षे.