जिंकला, पण जात नाही
(लेखांक सातवा)

युरोव्हिजन या युरोपीय देशांमधल्या गाण्यांच्या स्पर्धेवरच्या या लेखमालेत या वेळी स्वीडनची पाळी होती, पण ती पुढे ढकलतो. आधीच्या लेखातलं ब्रिटनचं रडगाणं वाचून सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय, 'निवडलेला गायकच युरोव्हिजनला जायला नको म्हणाला, तर?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला इटलीसारखा देश नाही, आणि इटलीवर लिहायला मी निमित्तच शोधत असतो.

ताजी गोष्ट फेब्रुवारी २०२५ची. जेनोव्हाचा ओली हा तरुण गायक सान्रेमोचा गाण्यांचा महोत्सव जिंकला. दुसऱ्या आलेल्या लूचो कोर्सीला त्याने अगदी निसटत्या फरकाने मागे टाकलं होतं. सान्रेमोच्या विजेत्याला युरोव्हिजनला जायचा पहिला हक्क असतो, म्हणजे त्याला विचारतात. ओलीने आठवडाभर विचार केला आणि नको म्हणून कळवलं. मग मे महिन्यात बाझलला कोर्सी गेला. ना कुणी ओलीला देशद्रोही म्हटलं, ना दंड ठोठावला. २०१६मध्ये स्तादिओ या जुन्या बँडनेही असाच नकार दिला होता. तेव्हाही दुसऱ्या क्रमांकाच्या फ्रांचेस्का मिकिएलिनला पाठवलं गेलं.

स्वीडनच्या गायकाच्या बाबतीत असं घडलं तर तिथे हाहाकार उडेल. इटलीत ते खपून जातं, कारण सान्रेमो ही मुळात युरोव्हिजनची निवड-चाचणी नाहीच. तो महोत्सव युरोव्हिजनपेक्षा पाच वर्षांनी मोठा आहे. फ्रान्सच्या सीमेजवळच्या, फुलांच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेल्या सान्रेमो या किनारी गावात १९५१ साली कॅसिनोतल्या जेवणाच्या टेबलांसमोर पहिला महोत्सव झाला. वीस गाणी आणि ती गायला तीनच संच! निल्ला पिज्जी जिंकली, आणि पुढच्या वर्षी तर पहिले तिन्ही क्रमांक तिच्याच गाण्यांना मिळाले. यात गायकापेक्षा गाण्याला मान होता. पुढे बरीच वर्षं एकच गाणं दोन वेगवेगळे गायक गात, ते त्यामुळेच. हे सगळं बघून युरोपातल्या प्रसारणवाल्यांना देशादेशांत अशी स्पर्धा लावायची कल्पना सुचली, आणि १९५६ला लुगानोत युरोव्हिजन सुरू झालं. तेव्हा कोण कुणाची चाळणी, हे इटालियन माणसाला विचारू नये.

१९५८चा किस्सा राहवत नाही म्हणून सांगतो. दोमेनिको मोदुन्योचं ते 'व्होलारे' म्हणून जगभर गाजलेलं गाणं सान्रेमोत पहिलं आलं आणि हिल्व्हरसमच्या युरोव्हिजनला गेलं. सुरुवातीलाच प्रक्षेपण बिघडलं, काही देशांत गाणं दिसलंच नाही, म्हणून शेवटी मोदुन्योला ते पुन्हा गायला लावलं. दोनदा गाऊनही तिसरा! त्या वर्षी जिंकलेलं फ्रेंच गाणं आज किती जणांना आठवतं? मोदुन्योच्या गाण्याला मात्र पहिल्याच ग्रॅमी सोहळ्यात वर्षातली सर्वोत्तम ध्वनिमुद्रिका आणि सर्वोत्तम गाणं असे दोन्ही मान मिळाले.

सध्याची पद्धत अशी. गाणी एकटा कलादिग्दर्शक निवडतो. २०२०पासून पाच वर्षं ते अमादेउस होते, २०२५ला कार्लो कोंती आले. मग आरिस्तोन थिएटरात सलग पाच रात्री, समोर अख्खा वाद्यवृंद. निवेदक गायकाबरोबर वाद्यवृंद संचालकाचंही नाव पुकारतो. ही प्रथा मला फार आवडते. आपल्याकडे किती कार्यक्रमांत संयोजकाचं नाव घेतात? कार्यक्रम तिकडे मध्यरात्रीनंतर कधीतरी संपतो. शेवटच्या रात्री निकाल लागेपर्यंत आपल्याकडे दूधवाला येऊन गेलेला असतो.

मतदानात प्रेक्षकांचा वाटा साधारण एक तृतीयांश. बाकीचा पत्रकार आणि रेडिओवाल्यांचा. भांडणं होतात ती इथेच. २०२४ला शेवटच्या फेरीत नेपल्सच्या जोलिएरला प्रेक्षकांची तब्बल ६० टक्के मतं पडली, तरी जिंकली आंजेलिना मांगो. २०१९ला महमूद जिंकला तेव्हाही हेच झालं होतं. माझं मत विचाराल तर दोन्ही वेळा बरोबर गाणं जिंकलं. प्रेक्षकांच्या फोनवरच्या मतदानात चाहत्यांची फौज जिंकते.

सान्रेमोत जिंकलेलं गाणं युरोव्हिजनला न्यायचं तर कात्री लावावी लागते. तिथे तीन मिनिटांची मर्यादा. मोनेस्किन या बँडने २०२१चं आपलं गाणं तोकडं केलं, दोन शिव्या गाळल्या, आणि रॉटरडॅमला जिंकून आले. दुसरी अडचण वाद्यांची. युरोव्हिजनमध्ये १९९९पासून वाद्यवृंद नाही. संगीत ध्वनिमुद्रित, फक्त गळा खरा. गिटार हातात असते, वाजत नाही. कोर्सीने यातून वाट काढली. त्याने गाण्यात तोंडाने वाजवायचा हार्मोनिका गायच्याच माइकवर धरला आणि खराखुरा वाजवला. माइकमधून जे जातं ते थेटच जातं, मग त्याला अडवणार कसं? पाचवा आला.

२०११ला इटली बऱ्याच वर्षांनी युरोव्हिजनमध्ये परतली. तेव्हापासून २०२५पर्यंत ती पहिल्या दहांबाहेर फक्त दोनदा गेली. २०१४ला एकविसावी, २०१६ला सोळावी. २०१४ला सान्रेमो बाजूला ठेवून राई वाहिनीने परस्पर निवड केली होती, आणि २०१६ म्हणजे स्तादिओच्या नकाराचं वर्ष. नकारामुळेच आपटले म्हणावं तर कोर्सी आडवा येतो. पण वाहिनीने आपल्या मनाने 'युरोपला आवडेलसं' काही शोधू नये, एवढं मी छातीठोकपणे म्हणेन.

जाता जाता आणखी एक: इटलीने १९७४ साली युरोव्हिजनमधलं स्वतःचंच गाणं स्वतःच्या टीव्हीवर दाखवलं नव्हतं. गाण्याचं नाव 'हो' आणि देशात घटस्फोटावरचं सार्वमत तोंडावर आलेलं. हे प्रकरण मोठं आहे. कुणाला हवं असेल तर कळवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात स्वीडन.