चूक एक, शिक्षा दोन?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावं एका माळेतल्या मण्यांसारखी मध्य रेल्वेवर ओळीनं बसलेली आहेत. रोज सकाळी इथून कितीतरी मुलंमुली दप्तर पाठीला लावून शाळेला, क्लासला निघतात. कुणी रिक्षानं, कुणी चालत, तर कुणी चक्क लोकलच्या गर्दीत घुसून! आणि हल्ली अनेकांच्या दप्तरात, वह्यांच्या मागे, एक फोन लपलेला असतो.

तो घरच्यांनीच दिलेला असतो, बरं का! आणि त्यांचंही काही चुकत नाही. २०१९ च्या जुलैमधली गोष्ट आठवा. २७ तारखेला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकून पडली होती. हजाराच्या वर प्रवासी गाडीत, आणि चहूकडे पाणीच पाणी! शेवटी बोटी आणि हेलिकॉप्टर आणून त्यांची सुटका करावी लागली. अशा वेळी घरी बसलेल्या आईच्या मनात एकच प्रश्न असतो, "फोन लागतोय का?" म्हणून ती फोन देते आणि बजावते, "शाळेत बाहेर काढायचा नाही हं!"

पण फोन बाहेर निघतोच. आणि मग सुरू होते आजची आपली गोष्ट.

दोन बाकं, दोन न्याय

समजा, आठवीचा वर्ग आहे. गणिताचा तास चालू आहे. मुलांच्या रांगेतला एक जण बाकाखाली गेम खेळतोय. मुलींच्या रांगेतली एक जण बाकाखालीच मैत्रिणीला निरोप पाठवतेय. दोघंही एकाच वेळी पकडले जातात. ही गोष्ट कुठल्या एका शाळेची नाही, पण पुढचं वाचून तुम्हाला ती ओळखीची वाटते का ते बघा.

मुलाच्या पाठीत आधी एक धपाटा बसतो. मग "उनाड कुठला! तू काय दिवे लावणार!" असं सगळ्या वर्गासमोर ऐकावं लागतं. तासभर वर्गाबाहेर उभं राहायचं. वडिलांना बोलावणं जातं. "पुन्हा दिसला तर दाखला हातात देऊ," अशी तंबी मिळते.

मुलीला कुणी हात लावत नाही. पण तिचा फोन शिक्षकांच्या खोलीत जातो. तिथे तो उघडायला लावतात. "कुणाशी बोलत होतीस? हा कोण? मुलीच्या जातीला हे शोभतं का?" अशी चौकशी होते. आईला बोलावून हळू आवाजात सांगितलं जातं, "जरा लक्ष ठेवा हो हिच्यावर." आणि घरी गेल्यावर फोन तर जातोच, पण संध्याकाळचा क्लासही बंद होतो.

आता सांगा, जास्त शिक्षा कुणाला झाली? मुलगे म्हणतील, "आम्हाला! मार आम्हीच खाल्ला." मुली म्हणतील, "आम्हाला! आमचं तर नावच खराब झालं." गंमत अशी की दोघांचंही खरं आहे. दोघांची चूक एकच होती, तासाला फोन वापरला. पण शिक्षा त्या चुकीला झालीच नाही. मुलाला शिक्षा झाली ती "मुलगे दांडगटच असतात" या समजुतीमुळे, आणि मुलीला "मुलींनी जपून राहावं" या समजुतीमुळे.

आकडे काय सांगतात?

तुम्ही म्हणाल, हा सगळा मनाचा खेळ झाला, पुरावा काय? तर पाहा. 'असर' नावाची एक मोठी पाहणी आपल्या देशातल्या खेड्यापाड्यांत होत असते. तिच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वर्षांच्या ज्या मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, त्यांना विचारलं होतं, "फोन तुमचा स्वतःचा आहे का?" ३६.२ टक्के मुलगे "हो" म्हणाले, तर मुलींपैकी २६.९ टक्के. म्हणजे वापरता दोघांनाही येतो, पण हातात द्यायची वेळ आली की मुलीचा नंबर मागे लागतो.

उलट बाजूही पाहू. अमेरिकेतल्या सरकारी शाळांत २०१७-१८ साली मुलांची संख्या जवळजवळ निम्मी होती. पण शिक्षा म्हणून ज्यांना काही दिवस शाळेबाहेर काढलं, त्यांत मुलगे होते सुमारे ७० टक्के! मुलगे जास्त दंगा करत असतील, असं कुणी म्हणेल. काही अंशी तसं असेलही. पण तेवढंच कारण आहे, की मोठ्यांचा हात मुलग्यांवर लवकर उगारला जातो, हे तपासायला नको का?

दोन गावं आणि एक भोंगा

नियम कसा असावा आणि कसा नसावा, हे काही गावांनीच दाखवून दिलं आहे. २०१६ साली गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज नावाच्या गावानं ठरवलं की लग्न न झालेल्या मुलींनी मोबाइल वापरायचा नाही. मोडलं तर २१०० रुपये दंड, आणि चुगली करणाऱ्याला २०० रुपये बक्षीस! मुलग्यांना मात्र मोकळं रान.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बांसी गावानंही नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत मोबाइलबंदी ठरवली. ती मात्र १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी होती, मग तो मुलगा असो की मुलगी. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा, असा हा न्याय नव्हता.

आणि सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं तर कमालच केली! तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद आणि मोबाइलही बंद. कुणाचे? मुलांचे, मुलींचे, आणि आईबाबांचेही! आईबाबांनो, तुम्हीही वाचताय ना? जो नियम करणाऱ्यालाही लागू होतो, तो मुलांना जाचक वाटत नाही.

फहीमाची गोष्ट

केरळमध्ये कोझिकोडजवळच्या एका कॉलेजात फहीमा शिरीन नावाची विद्यार्थिनी होती. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाचा नियम असा की संध्याकाळी ६ ते १० फोन वापरायचा नाही. फहीमा म्हणाली, "मी अभ्यासाला फोन वापरते. आणि मुलांच्या वसतिगृहाला हा नियम का नाही?" तिनं नियम मानायला नकार दिला, तेव्हा तिला वसतिगृहातून काढून टाकलं. ती रडत बसली नाही. ती थेट केरळ उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती पी. व्ही. आशा यांनी निकाल दिला की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचाच भाग आहे. फहीमाला परत घ्या!

याचा अर्थ तासाला फोन काढायला मोकळीक मिळाली, असं मात्र कुणी समजू नये हं! २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे एका शाळकरी विद्यार्थ्याचंच प्रकरण आलं होतं. न्यायालयानं सांगितलं की सरसकट बंदी बरी नाही आणि ती जमणारीही नाही. पण वर्गात फोन नको. शक्य असेल तिथे शाळेत येताना तो जमा करावा, जाताना परत घ्यावा. नियम मोडला तर फोन काही काळ काढून घेता येईल. आणि नियम करताना पालक, शिक्षक आणि जाणकार यांना विचारावं.

मारण्याचं काय? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ६ ते १४ वर्षांच्या मुलांना मारायला मनाई केली आहे आणि मानसिक छळ करायलाही. म्हणजे आपल्या गोष्टीतल्या मुलाला धपाटा घालणं चूक. आणि त्या मुलीला चारचौघांत घालूनपाडून बोलणं हेही चूकच. फोन जमा करून घेणं वेगळं, आणि त्यातले निरोप मोठ्यानं वाचणं वेगळं!

चोर सोडून संन्याशाला फाशी

आता जरा गंभीर बोलू. बाकाखालचा गेम ही लहान चूक झाली. पण कुणाचा नको तसा फोटो चोरून काढला, आणि तो एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला पाठवला, तर?

अशा वेळी पुष्कळदा पहिलं बोलावणं जातं ते फोटोत जी आहे तिलाच. "तू असा फोटो काढूच कसा दिलास?" आणि ज्यानं पाठवला तो मागे उभा राहून हसत असतो. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी! लक्षात ठेवा, तिथे दोषी असतो फोटो काढणारा आणि तो पुढे ढकलणारा प्रत्येक जण. मग तो मुलगा असो की मुलगी. "मी फक्त फॉरवर्ड केला," ही सबब कायद्यात चालत नाही. दुसऱ्याच्या अंगाच्या खासगी भागाचा फोटो त्याच्या परवानगीवाचून काढणं किंवा पसरवणं याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वय १८ पेक्षा कमी असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं.

आणि फोटोतला मुलगा असेल तर? त्यानं "हॅ, त्यात काय!" म्हणून गिळून टाकावं का? मुळीच नाही. मुलांचं लैंगिक छळापासून रक्षण करणारा २०१२ चा 'पोक्सो' कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. त्यात मुलगा-मुलगी असा भेद नाही. असं काही घडलं तर विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ आहे, आणि फोन-इंटरनेटवरच्या गुन्ह्यांसाठी १९३०.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं नाव देशभर गेलं, ते फार दुःखद कारणानं. एका शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला संतापलेले लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. सुनावणीत न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठानं एक मोलाची गोष्ट सांगितली. मुलींना वाचवायचं असेल, तर आधी मुलग्यांना शिकवा. फोनच्या बाबतीतही तेच नाही का? मुलीचा फोन कुलपात ठेवून मुलगा काही शहाणा होत नाही.

बैठक क्रमांकाचा न्याय

मग न्याय करायचा तरी कसा? उपाय तुमच्या ताईच्या दहावीच्या उत्तरपत्रिकेतच आहे! बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव लिहीत नाहीत, बैठक क्रमांक लिहितात. तपासणाऱ्याला कळतच नाही की पेपर मुलाचा की मुलीचा. तो फक्त उत्तर पाहतो.

शिक्षेचंही तसंच करून पाहावं. चूक कागदावर लिहावी आणि नाव झाकावं. 'आठवीतल्या एका विद्यार्थ्यानं तासाला फोन वापरला. पहिलीच वेळ.' मग विचारावं, याला काय शिक्षा? मुलगा समजून एक आणि मुलगी समजून दुसरी, असं उत्तर येत असेल, तर शिक्षा चुकीला नाही, माणसाला होते आहे.

याचा अर्थ सगळ्यांना डोळे मिटून एकच शिक्षा, असा नाही. पहिली चूक आणि पाचवी चूक सारखी नसते. आजीला दवाखान्यात नेलं म्हणून आलेला फोन आणि गेम सारखा नसतो. म्हणून निकाल देण्याआधी आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. नियम आधी सगळ्यांना नीट सांगितला होता का? चूक करणाऱ्याची बाजू ऐकून घेतली का? आणि या शिक्षेनं चूक सुधारेल, की नुसतं शिक्षण बंद पडेल?

मुलामुलींनो, तुमच्याकडेही थोडं काम आहे. शाळेत फोन न्यायचा असेल तर तो बंद करून ठेवा, आणि पकडलं गेल्यावर "बाई, माझ्या हातून चूक झाली" असं सरळ सांगा. शेजारच्या बाकावर अन्याय होताना दिसला, तर "बरं झालं, आपण सुटलो" म्हणून गप्प बसू नका. वर्गप्रतिनिधीनं मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारावं, "सर, फोनचा नियम लिहून फळ्यावर लावू या का? मुलामुलींना सारखाच?"

आणि आईबाबांनो, आज रात्री जेवताना घरातही ही परीक्षा घेऊन पाहा. दादाला रात्री किती वाजेपर्यंत फोन मिळतो आणि ताईला किती वाजेपर्यंत? उत्तरं वेगळी आली, तर का, ते दोघांनाही समजावून सांगा. सांगता आलं नाही, तर उद्यापासून नियम बदला. त्यात कमीपणा कसला?