तांब्या गोल का दिसतो? वस्तुचित्रातील घनता आणि पोत



चौथीतल्या एका मुलाने घरच्या तांब्याचं चित्र काढून आणलं होतं. एक बाजू पेन्सिलने गडद केलेली, मध्ये थोडा कागद कोरा सोडलेला. घरी त्याला ऐकावं लागलं होतं, "एवढा छान काढलास, मग काळा कशाला केलास?" खरं सांगते, मीही आधी खोडरबरच पुढे केला. नंतरचे कितीतरी दिवस त्याने नुसती बाह्यरेषा काढली. खिडकीतला उजेड जसा पडला तसाच त्याने काढला होता, हे मला उशिरा कळलं.

म्हणून वस्तुचित्र बघताना "हुबेहूब आहे का?" एवढंच न विचारता दोन गोष्टी बघूया.

१) घनता

आपल्या पेणच्या गणपती कारखान्यात रंग न दिलेली मूर्ती आठवा. सगळीकडे एकच रंग, कुठे रेघ नाही; तरी पोट गोल दिसतं. का? वळणावर उजेड हळूहळू कमी होत जातो म्हणून. कागदावर हेच काम छटा करतात.

आता तांब्याचं तोंड बघा. ते गोल आहे, पण समोर थोडं खाली ठेवलं की लंबगोल दिसतं. डोळ्यांच्या रेषेत धरलं तर नुसती आडवी रेघ! तोंड लंबगोल आणि बूड मात्र सरळ रेघेचं, ही मुलांची नेहमीची चूक. वरून बघताना बुडाची कडाही वळलेलीच दिसते.

२) पोत

पोत म्हणजे वस्तूचा पृष्ठभाग हाताला कसा लागेल ते. घासलेल्या तांब्यावर चकाकी ठळक असते आणि तिला लागूनच गडद छटा येते. मातीच्या माठावर उजेड मऊपणे पसरतो. पाट्याचे टाकीचे खड्डे उजेड-सावलीच्या सीमेवर सगळ्यात स्पष्ट दिसतात. रोवळीची वीणही तशीच. म्हणून प्रत्येक काडी काढायची गरज नाही. सीमेवर वीण नीट दाखवली की बाकीची डोळा भरून घेतो.

घरी करून बघा

संध्याकाळी एकाच बाजूने उजेड येईल असं बघून तांब्या, माठ आणि रोवळी मांडा. मुलाला आधी डोळे मिटून हात फिरवू द्या. मग विचारा, "सगळ्यात उजळ कुठे? सगळ्यात गडद कुठे?" त्यानंतरच पेन्सिल द्या. गडद छटेसाठी ४बी किंवा ६बी असली तर उत्तम.

पुढे एलिमेंटरी परीक्षेत वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र असतं, तिथे ही नजर उपयोगी पडते. पण तेवढ्यासाठीच नाही. रोज हाताळतो ती वस्तू मूल पहिल्यांदा नीट बघतं, हे मोठं आहे.

तेव्हा चित्रात काळं दिसलं की खोडरबर देऊ नका. आधी विचारा, "बाळा, उजेड कुठून येत होता?"