पेण ते रोहा, रोजच्या रोज

पेणहून सुटलेली गाडी कासू, नागोठणे, निडी करत सुमारे 40 किलोमीटरवर रोहा गाठते. हिपॅटायटिस सी झालेल्या एका माणसाच्या शरीरात एका दिवसात तयार होणारे नवे विषाणू एकापुढे एक मांडले, तर ती ओळ पेणहून निघून रोह्याच्याही पुढे जाईल. आकडा साधारण एक लाख कोटींचा, एकावर बारा शून्ये. एकेक विषाणू 50 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे एका मिलिमीटरात वीस हजार. एवढ्या सगळ्यांची रास मात्र खसखशीच्या दाण्याएवढीही भरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात असे रुग्ण 55 लाख होते. रायगड जिल्ह्याच्या 2011 च्या लोकसंख्येच्या दुप्पट. सर्वांच्या एका दिवसाच्या ओळी जोडल्या तर 27 कोटी किलोमीटर. सूर्य 15 कोटींवर आहे!

हे लिव्हरचे दुखणे म्हणून आपण लिव्हरकडेच बघतो. पण एवढा शत्रू रोज समोर आला की शरीराची संरक्षक यंत्रणा वर्षानुवर्षे प्रतिपिंडे बनवत राहते. त्यांतली काही एकमेकांनाच चिकटतात आणि 37 अंशांखाली रक्तात साकळतात. हीच क्रायोग्लोब्युलिन्स. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकली की तिथे दाह सुरू होतो. पायांवर जांभळे ठिपके उठतात, सांधे धरतात, तळव्यांना मुंग्या येतात, कधी किडनीवरही घाला पडतो. निम्म्या-अधिक रुग्णांच्या रक्तात ती सापडू शकतात. आजार शंभरातल्या थोड्यांनाच होतो, हे नशीब.

हिपॅटायटिस बीचा पसारा आणखी मोठा: देशात 2.98 कोटी रुग्ण. हा विषाणू 42 नॅनोमीटरचा, पण प्रत्येक खऱ्या विषाणूमागे हजार ते लाखभर रिकामी कवचे रक्तात सोडली जातात. त्यांच्यामुळे संसर्ग होत नाही. मात्र प्रतिपिंडे त्यांना धरतात आणि ती जोडगोळी मध्यम आकाराच्या धमन्यांच्या भिंतीत रुतते. मग आपल्याच पांढऱ्या पेशी ती भिंत पोखरतात. या पॉलिआर्टेरायटिस नोडोसाचा बी विषाणूशी असलेला संबंध 1970 मध्ये उघड झाला. रुग्ण येतो तो पोटदुखी, चढलेले ब्लडप्रेशर किंवा अचानक लुळे पडलेले पाऊल घेऊन. डोळे पिवळे नसतात, म्हणून काविळीचा विषाणू कोणाच्या मनातही येत नाही.

म्हणूनच पायांवर वरचेवर जांभळे ठिपके उठत असतील तर नुसती मलमे बदलत बसू नये. बी आणि सी, दोन्हींची रक्ततपासणी करून घ्यावी. हिपॅटायटिसवरच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 2018 पासून तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी विषाणू बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी जातो. बीला लस आहे, बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायची. फ्रान्समध्ये एकेकाळी पॉलिआर्टेरायटिसच्या तिघांपैकी एका रुग्णात बी विषाणू सापडे. लसीकरण आणि रक्ताची तपासणी रुळल्यावर ते प्रमाण शंभरात पाचच्या आसपास आले.