बळदाएवढी डिकी

अकरावीचे प्रवेश झाले की नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला निघालेल्या गाड्या लांबूनच ओळखू येतात. टपावर गादीची वळकटी, मागच्या काचेला टेकलेली बादली. २०१० साली मामेभावाला सोडायला गेलो तेव्हा मामांच्या पांढऱ्या लोगानच्या टपावर मात्र काहीच नव्हतं. गादी, पत्र्याची पेटी, टेबल फॅन, पुस्तकांची दोन खोकी, मामीचा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा, सगळं आत. वसतिगृहाचा वॉचमन डोकावून म्हणाला, "ही डिकी हाय का बळद?"

तेव्हापासून या गाडीचा मला नाद लागला. लोगान उभी दिसली की मी थांबतो, मालकाला दोन प्रश्न विचारतो.

कंपनीच्या हिशेबाने ती डिकी ५१० लिटरची. एवढी जागा आली कुठून, हे शोधताना लुई श्वाइत्झर हा माणूस भेटला. तो रेनॉ या मोटार कंपनीचा तेव्हाचा प्रमुख आणि अल्बर्ट श्वाइत्झर यांच्या पुतण्याचा मुलगा. आफ्रिकेतल्या लांबारेनेच्या इस्पितळामुळे अल्बर्ट यांचं नाव आपल्याकडच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्वदच्या दशकाअखेरीस रशियात जुन्या धाटणीच्या लाडा गाड्या केवळ स्वस्त म्हणून धडाधड खपताना त्याने पाहिल्या आणि ५,००० युरोंत भक्कम, मोठी कौटुंबिक गाडी बनवायचा ध्यास घेतला. १९९९ मध्ये रेनॉने रोमानियाची दाचिया कंपनी घेतली आणि २००४ मध्ये तिथून लोगान बाहेर पडली.

पैसे वाचवले ते कुठे, हे पाहण्यासारखं आहे. समोरची काच जवळजवळ सपाट, कारण वाकवलेली काच महाग पडते. डॅशबोर्ड एकाच साच्यातून निघालेला. आणि आरसे! मामांच्या गाडीचा उजवा आरसा अहमदपूरच्या बाजारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने उडवला. नांदेडला देगलूर नाक्याकडच्या मिस्त्रीकडे भंगारातला डावाच होता. त्याने तो हातात फिरवला, उलटा धरला आणि उजवीकडे बसवून टाकला. दोन्ही बाजूंना एकच आरसा, म्हणजे साचाही एकच. काटकसर केली, पण माणसाच्या जागेला हात लावला नाही. एवढ्यासाठी मी श्वाइत्झरला मानतो.

महिंद्राचे ५१ आणि रेनॉचे ४९ टक्के अशा भागीदारीत लोगान एप्रिल २००७ मध्ये नाशिकहून आपल्या बाजारात आली. १,४६१ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद ६५ घोड्यांची. आकडा लहान वाटतो, पण पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन ती चढाला कुरकुरत नसे. काळ्या मातीत खचलेल्या रस्त्यावर तिचं सस्पेन्शन पाठ सांभाळी. मागे तिघं खांद्याला खांदा न घासता बसत. लग्नसराईत भाड्याने गाड्या लावणाऱ्यांनी तिला उगाच नाही उचलून धरलं.

खोडीही होत्या. रूप खोक्याचं, चारचौघांत मिरवायचं नव्हे. खिडक्यांची बटणं दारावर नसून मध्ये, त्यामुळे नवख्याचा हात दारावर चाचपडत राही. मागची सीट दुमडत नसे, म्हणून एवढ्या मोठ्या डिकीत लांब पाइप काही जात नसे. टायमिंग बेल्टची मुदत टाळली आणि तो तुटला, तर इंजिनच उघडावं लागे.

पण माझ्या मते तिला खरा फटका बसला तो एका रेघेचा. २००६ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लहान गाडीची व्याख्या केली: लांबी ४,००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत. अशा गाडीचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं, २००८ मध्ये १२ वर. लोगानचं डिझेल इंजिन या मापात बसत होतं. लांबी होती ४,२४७. वीतभर जास्त!

त्या वितीपायी दुप्पट शुल्क. पुण्याच्या टाटांनी २००८ मध्येच इंडिगोची शेपटी छाटून ३,९८८ मिलिमीटरची सीएस आणली. मारुतीची डिझायर २०१२ मध्ये ३,९९५ वर आली. लहान गाडीला सवलत द्यावी, याबद्दल माझी तक्रार नाही. पण गाडी डिझेल किती पिते हे न पाहता फूटपट्टी लावली, की कारखानदार कातरतो ती डिकी. वळकटी पुन्हा टपावर जाते. पाच जणांच्या घराला एकच गाडी परवडते, हे त्या व्याख्येने लक्षातच घेतलं नाही.

२०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली. पुढल्या वर्षी महिंद्राने लोगानला व्हेरिटो नाव दिलं, आणि २०१३ मध्ये व्हेरिटो व्हाइब आली: लांबी ३,९९१, डिकी ३३० लिटर. मी ती शोरूममध्ये पाहिली. पुढून तीच ओळखीची गाडी, मागे मात्र एकदम संपलेली. मला फार वाईट वाटलं.

मामांनी पंधरा वर्षं झाल्यावर लोगानची फेरनोंदणी करून घेतली. यंदा जूनमध्ये नातीला लातूरला सोडायचं होतं, त्या पहाटे मी टेप घेऊन गेलो. मागच्या बंपरच्या टोकापासून पुढे २४७ मिलिमीटर मोजले आणि बाजूच्या पत्र्यावर खडूने उभी रेघ ओढली. "एवढंच जास्त होतं, मामा."

मामांनी रेघेकडे पाहिलं, उघड्या डिकीकडे पाहिलं. ओल्या फडक्याने खडू पुसून टाकला आणि म्हणाले, "पोरीची पेटी आण वरून. उजाडायच्या आत लोहा गाठायचंय."